समुद्रफुलांचा सोबती

सरसगडाच्या पायथ्याशी वसलेल्या पालीवरून अंबा नदी वाहत जाते. नागोठणे मागे पडले की तिच्या पाण्याला हळूहळू खारटपणा येऊ लागतो आणि अखेरीस धरमतरच्या खाडीतून ती समुद्राला मिळते. खाडीपलीकडे अलिबागचा किनारा आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास समुद्राला उधाण येते आणि त्याच दिवसांत ओहोटीही मोठी होते. पाणी दूर हटते, कुलाबा किल्ल्याभोवतीचा काळा कातळ उघडा पडतो आणि त्याच्या खोलगट भागांत लहान लहान डबकी साचून राहतात. अशा डबक्याच्या कडेला बसून निवांतपणे पाहिले, तर कातळाला चिकटलेले एखादे फूल दृष्टीस पडते. त्याच्या पाकळ्या पाण्यात मंद हालत असतात. बोट लावताच पाकळ्या आत वळतात आणि फुलाच्या जागी एक बुळबुळीत गोळा तेवढा उरतो.

हे फूल नव्हे, हा प्राणी आहे. इंग्रजीत त्याला सी ॲनिमोन म्हणतात. आपण त्याला समुद्रफूल म्हणू. ज्यांना आपण पाकळ्या समजतो ते त्याचे हात होत. त्या हातांवर डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य विषारी नांग्या असतात. चुकून स्पर्श झालेला लहान मासा किंवा कोळंबी त्यांच्या योगाने बधिर होते आणि मग ते हात भक्ष्याला मध्यभागी असलेल्या तोंडाकडे नेतात. याला डोळे नाहीत, मेंदू नाही. तोंड एकच, खाणे त्यातूनच आणि न पचलेले बाहेर टाकणेही त्यातूनच.

असा हा जीव घरी आणून जगवावा, असे अनेकांना वाटले. परंतु बरणीत समुद्राचे पाणी भरून त्यात तो ठेवला की दोन-तीन दिवसांत पाणी नासे, त्याला दुर्गंधी येई आणि समुद्रफूल गळून पडे. त्याला घरच्या काचपात्रात निरोगी कसे ठेवावे, हे सामान्य माणसाला समजेल अशा रीतीने ज्याने शिकवले, त्या फिलिप हेन्री गॉस या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाची ही हकीकत आहे.

गॉसचा जन्म 6 एप्रिल 1810 रोजी इंग्लंडमधील वूस्टर या गावी झाला. त्याचे वडील लहान आकाराची व्यक्तिचित्रे रंगवीत. त्यासाठी त्यांना गावोगाव हिंडावे लागे आणि एवढे करूनही घरात पैशांची चणचण असेच. फिलिपचे बालपण पूल या बंदराच्या गावी गेले. तेथे त्याची एक आत्या होती, सुसान बेल. तिला किड्यामुंग्यांची, फुलपाखरांची आणि किनाऱ्यावरील जीवांची मोठी आवड. सुरवंटाचे फुलपाखरू कसे होते, हे तिनेच भाच्याला दाखवले आणि समुद्रफुले ताज्या समुद्रपाण्याच्या भांड्यात ठेवून पाहण्याची कल्पनाही तिनेच त्याला दिली. वडिलांकडून त्याने बारीक कुंचल्याने अचूक चित्र काढण्याची कला उचलली. ही दोन देणी त्याला जन्मभर पुरली.

शाळा लवकरच सुटली. पंधराव्या वर्षी तो एका पेढीवर कारकून झाला आणि सतराव्या वर्षी, 1827 साली, समुद्र ओलांडून उत्तर अमेरिकेतील न्यूफाउंडलंड बेटावरच्या कार्बनिअर या गावी गेला. काम जमाखर्च लिहिण्याचे. 1832 साली त्याने सूक्ष्मदर्शकाविषयी एक जुने पुस्तक विकत घेतले आणि तेथून त्याचा फावला वेळ किडे जमवण्यात आणि त्यांची चित्रे काढण्यात जाऊ लागला. पुढे कॅनडात त्याने शेती केली. ती फसली. 1838 साली अमेरिकेतील अलाबामा प्रांतात त्याने मळेवाल्यांच्या मुलांना शिकवण्याचे काम धरले. परंतु तेथील गुलामांचे हाल पाहवेनात, म्हणून काही महिन्यांतच त्याने तो देश सोडला. मायदेशी परतला तेव्हा त्याचे वय अठ्ठावीस होते. त्याच्याजवळ पैसा नव्हता. होती ती टिपणवह्यांची आणि चित्रांची चळत. त्यांच्या आधारे त्याने लिहिलेला ग्रंथ 1840 साली प्रसिद्ध झाला आणि निसर्गाविषयी लिहिणारा म्हणून त्याचे नाव लोकांना कळले.

1844 साली तो जमैका बेटावर गेला व तेथे दीड वर्षाहून अधिक काळ राहून त्याने पक्ष्यांचा अभ्यास केला. या कामात रिचर्ड हिल नावाच्या तेथील विद्वान गृहस्थाने त्याला फार साहाय्य केले. 1847 साली पक्ष्यांवरील ग्रंथ निघाला, तेव्हा गॉसने हिलचे नाव ग्रंथाच्या मुखपृष्ठावर आपल्या नावासोबत छापले. त्या काळी असा मोठेपणा सर्वच ग्रंथकार दाखवीत नसत. 1848 मध्ये एमिली बोव्ज हिच्याशी त्याचा विवाह झाला आणि पुढील वर्षी त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव एडमंड. ज्या दिवशी मूल जन्मले त्याच दिवशी जमैकाहून एक हिरवी पाकोळी गॉसकडे पोचली होती. रोजनिशीत त्याने या दोन्ही गोष्टी एका दमात नोंदवून टाकल्या. घरातल्या माणसांनी त्याबद्दल पुढे त्याची पुष्कळ थट्टा केली असेल, तर नवल नाही.

अतिश्रमाने गॉसची प्रकृती ढासळली. तेव्हा 1852 साली तो पत्नी व मुलासह इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील डेव्हन प्रांताच्या किनाऱ्यावर राहावयास गेला. तेथील कातळ समुद्रफुलांनी भरलेले होते. काळा कोट व मोठी टोपी घातलेला हा गंभीर मुद्रेचा गृहस्थ कमरेइतक्या पाण्यात उभा राही आणि दगडांच्या फटींत तासन् तास डोकावत राही. एकदा तर त्याने एका मोठ्या जातीची समुद्रफुले शिजवून चवीला घेतली आणि घरच्यांनाही वाढली. कालवे आवडीने खाणाऱ्या कोकणातल्या मुलांना याचे फारसे आश्चर्य वाटणार नाही; इंग्रज वाचक मात्र चकित झाले.

समुद्रफुले काचपात्रात जगवण्याचे प्रयत्न गॉसच्या आधीही झाले होते, हे येथे सांगितले पाहिजे. एडिंबरो शहरातील सर जॉन डॅलिएल याने 1828 साली नॉर्थ बेरिकच्या किनाऱ्यावरून एक लाल समुद्रफूल आणले होते. एक हमाल समुद्राचे पाणी वाहून आणी व बरणीतले पाणी नेमाने बदलले जाई. पंधरवड्याने शिंपल्यातल्या मांसाचा तुकडा, हे त्याचे अन्न. त्याला अनेक पिले झाली आणि लोक त्याला आजीबाई म्हणू लागले. लंडनमध्ये ॲना थिन नावाच्या बाईने 1846 साली टॉर्कीहून आणलेले प्रवाळजीव जिवंत ठेवले. तिची मोलकरीण उघड्या खिडकीशी उभी राहून ते पाणी या भांड्यातून त्या भांड्यात उंचावरून ओतीत राही. या ओतण्याने पाण्यात हवा मिसळत असे. पण हमाल आणि मोलकरीण किती घरांना परवडणार?

पाणी का नासते, याचे उत्तर शोधल्यावाचून गत्यंतर नव्हते. माणसाप्रमाणेच जलचरांनाही प्राणवायू लागतो. तो ते पाण्यातून घेतात आणि कर्बवायू सोडतात. लहानशा भांड्यातला प्राणवायू लवकर संपतो आणि जीव गुदमरून मरतो. वनस्पतीचे याच्या उलट असते. प्रकाशात ती कर्बवायू घेते आणि प्राणवायू सोडते. तेव्हा प्राणी आणि वनस्पती यांना योग्य प्रमाणात एकत्र ठेवले, तर एकाची उणीव दुसरा भरून काढील. लंडनचा रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन याने 1850 साली गोड्या पाण्यातील मासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी यांच्यावर प्रयोग करून हे सिद्ध केले होते. खाऱ्या पाण्यासाठी वॉरिंग्टन व गॉस या दोघांनीही स्वतंत्रपणे प्रयोग केले.

गॉसला लवकरच कळून चुकले की सर्व शेवाळे या कामाची नसतात. किनाऱ्यावरच्या मोठ्या, चिवट, तपकिरी शेवाळातून बुळबुळीत चिकट द्रव सुटतो व पाणी घाण होते. पातळ हिरव्या पानांचे शेवाळ उत्तम. ते खडकावरून उपटून आणल्यास कुजते, म्हणून ज्या दगडाच्या तुकड्यावर ते रुजलेले असेल, तो तुकडाच छिन्नीने काढून आणावा लागतो. समुद्रफुलाचेही तसेच. त्याच्या बुडाशी एक चकती असते व तिच्या योगाने ते कातळाला घट्ट धरून बसते. ओढून काढू गेल्यास ही चकती फाटते आणि अशी जखम झालेले फूल फार दिवस टिकत नाही. म्हणून गॉस हातोडी व छिन्नी घेऊन जाई आणि शक्यतो फुलाखालचा दगडच फोडून आणी.

नव्या टाकीत प्रथम शेवाळ घालावे. पाणी काही दिवस तसेच उजेडात राहू द्यावे आणि मगच प्राणी सोडावेत. ही गॉसची शिकवण. या बाबतीत उतावीळ माणसाचा हमखास घात होतो. उजेड हवा, पण कडक उन्हात टाकी ठेवली तर पाणी तापते आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी राहतो. अन्न थोडे द्यावे. शिंपल्यातील मांसाचा बारीक तुकडा काठीच्या टोकाने फुलाच्या हातांशी न्यावा आणि जे खाल्ले जाणार नाही ते त्याच दिवशी काढून घ्यावे. उपाशी राहिलेले समुद्रफूल आठवडेच्या आठवडे तग धरते, परंतु कुजलेला एक तुकडा सर्व टाकीचा नाश करू शकतो. मेलेला प्राणीही असाच तात्काळ बाहेर काढावा लागतो.

टाकीतील पाणी हळूहळू कमी होत जाते. अशा वेळी नवशिका मनुष्य समुद्राचेच पाणी आणून त्यात भर घालतो आणि ती मोठी चूक ठरते. कारण वाफ होऊन जाते ते केवळ पाणी. मीठ मागेच राहते. पुन्हा पुन्हा खारे पाणी घातले तर टाकीतील खारटपणा वाढत जाऊन प्राणी मरतात. म्हणून पहिल्या दिवशीच काचेवर पाण्याच्या पातळीची खूण करावी व जेवढे पाणी उणे होईल तेवढे गोडे पाणी घालावे. याच्या उलट, खाडीचे पाणी आणणाऱ्यानेही सावध असावे. पावसाळ्यात अंबेसारख्या नदीला पूर येतो व खाडीचे पाणी मचूळ होते. तसल्या पाण्यात समुद्रफूल फुलत नाही.

समुद्रापासून दूर राहणाऱ्यांचे काय, हाही प्रश्न होताच. 1854 साली गॉसने त्याचेही उत्तर दिले. समुद्राच्या पाण्यात कोणते क्षार किती असतात ते पाहून त्याने साधे मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड ही चार द्रव्ये ठराविक प्रमाणात गोड्या पाण्यात मिसळली. या कृत्रिम समुद्रात प्रथम शेवाळ रुजले आणि मग प्राणी नांदू लागले.

त्याच सुमारास, म्हणजे मे 1853 मध्ये, लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात काचेच्या टाक्यांचे एक दालन उघडले. जगातील हे पहिले सार्वजनिक मत्स्यालय. त्यासाठी पुष्कळसे समुद्रजीव गॉसने डेव्हनच्या व वेमथच्या किनाऱ्यावरून जमवून पाठवले होते. पुढल्या वर्षी त्याचा मत्स्यालयांवरील ग्रंथ निघाला. ॲक्वेरियम हा शब्द आज मुंबईत, लंडनमध्ये आणि जपानातही लोक वापरतात. या अर्थाने तो शब्द या ग्रंथामुळेच रूढ झाला. ग्रंथातील रंगीत चित्रे गॉसने स्वतः काढलेली होती. त्यापूर्वी समुद्राच्या तळाचे जग इतक्या जिवंत रंगांत लोकांनी पाहिलेच नव्हते. काचेवरचा जबर कर 1845 सालीच उठला असल्यामुळे टाक्या स्वस्त झाल्या होत्या आणि आगगाडीने एका दिवसात किनारा गाठता येत होता. घराघरांतून खाऱ्या पाण्याच्या टाक्या दिसू लागल्या. 1855 साली गॉसने इल्फ्राकूम येथे किनाऱ्यावरच वर्ग भरवले. स्त्री-पुरुष त्याच्यामागून कातळांवरून चालत आणि तो हातात छिन्नी घेऊन शिकवी. 1856 साली रॉयल सोसायटीने त्याला आपले सदस्यत्व दिले. शाळा अर्धवट सोडलेल्या कारकुनाला मिळालेला हा मान लहान नव्हता.

परंतु त्याच वेळी एमिलीला कर्करोगाने ग्रासले होते. फेब्रुवारी 1857 मध्ये ती वारली. गॉस अत्यंत धर्मनिष्ठ होता. सृष्टीच्या उत्पत्तीविषयीची धर्मग्रंथातील कथा आणि खडकांत सापडणारे प्राचीन जीवांचे अवशेष यांचा मेळ घालण्यासाठी त्याने त्याच वर्षी एक पुस्तक लिहिले. पृथ्वी जुनी दिसते, पण ती जुनी दिसेल अशीच निर्माण झाली, असा त्याचा सिद्धान्त होता. शास्त्रज्ञांनी तो हसण्यावारी नेला आणि धर्मपंडितांनाही तो रुचला नाही. निरीक्षणात इतका काटेकोर असणारा हा माणूस या एका ठिकाणी डोळे मिटून घेतो, हे नाकारण्यात अर्थ नाही.

दुःखी आणि एकाकी गॉस आठ वर्षांच्या एडमंडला घेऊन टॉर्कीजवळील सेंट मेरीचर्च या गावी राहावयास आला. येथे त्याने आपल्या आयुष्यातील सर्वांत मोठे काम केले. ब्रिटनच्या किनाऱ्यावरील सर्व समुद्रफुलांचा इतिहास त्याने लिहावयास घेतला. प्रत्येक जातीचे जिवंत नमुने टाकीत ठेवायचे, दिवसा व रात्री दिव्याच्या उजेडात ते न्याहाळायचे, सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या नांग्या तपासायच्या आणि चित्रे रंगवायची, असा त्याचा क्रम असे. काही जातींना छेडले असता त्या अंगातून विषारी धागे बाहेर फेकतात. हे पाहून त्याने त्यांना सागार्शिया हे नाव दिले. प्राचीन इराणी सैन्यात सागार्टी नावाचे लोक शत्रूवर फास टाकून लढत, त्यांची ही आठवण. एका टाकीत शंखात राहणारा खेकडा होता आणि त्याच्या शंखावर एक समुद्रफूल बसलेले होते. खेकड्याने घर बदलून मोठा शंख धरला, तेव्हा जुन्या शंखावरचे समुद्रफूल त्याने चिमट्यांनी हळूच सोडवून नव्या शंखावर नेले. 1859 साली गॉसने याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. टाकी नसती तर हे कोणाच्या दृष्टीस पडते?

लहान एडमंड वडिलांबरोबर किनाऱ्यावर जाई. 1859 च्या जूनमध्ये त्या नऊ वर्षांच्या मुलाला कातळावर एक निराळेच समुद्रफूल दिसले. गॉसने ते तपासले, तेव्हा त्याचे वर्णन कोणत्याही ग्रंथात नाही असे आढळून आले. पुढल्या वर्षी त्याचा ग्रंथ पुरा झाला. त्याच वर्षी त्याने एलिझा ब्राइटवेन हिच्याशी विवाह केला आणि घराला पुन्हा घरपण आले.

आता या कथेतील दुःखाचा भाग. गॉसची पुस्तके वाचून हजारो हौशी लोक हातोड्या घेऊन किनाऱ्यांवर उतरले. व्यापाऱ्यांनी माणसे लावून पेट्याच्या पेट्या भरून नेल्या. टाकीतले प्राणी मेले की पुन्हा नवे आणले जात. कारण पुस्तक घेणारे पुष्कळ असले, तरी त्यातील नेम पाळणारे थोडे होते. समुद्रफूल स्वस्थळी ठेवले तर दीर्घकाळ जगते, पण एकदा कातळ खरवडून काढला की तो पुन्हा भरण्यास फार काळ लागतो. काही वर्षांतच डेव्हनची ती रंगीबेरंगी डबकी उघडीबोडकी झाली. ज्या कातळांवर गॉसने एडमंडला बोट धरून नेले होते, तेथे आता रिकामे दगड दिसत. आपणच लोकांना ही वाट दाखवली, हे गॉसला कळत होते आणि त्याची खंत त्याच्या मनाला लागून राहिली. एडमंड पुढे नामवंत साहित्यिक झाला. 1907 साली त्याने वडिलांविषयी जे पुस्तक लिहिले, त्यात या नाशाची हकीकत आहे.

टाक्यांचे वेड 1860 नंतर ओसरले. मात्र त्या काळातील खटपटीतून निघालेले ज्ञान वाया गेले नाही. गॉसचे ग्रंथ वाचून या धंद्यात पडलेल्या विल्यम आल्फर्ड लॉइड याने टाकीखाली अंधारा हौद बांधून पाणी सारखे खेळते ठेवण्याची युक्ती काढली आणि तिच्यामुळे हँबुर्गसारख्या शहरांत मोठी मत्स्यालये उभी राहिली. मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय 1951 साली उघडले. उष्ण समुद्रांतील मोठ्या समुद्रफुलांच्या शरीरात सूक्ष्म शेवाळ वस्तीस असते व त्याने तयार केलेल्या अन्नावर ती बरीचशी जगतात, हेही आता कळले आहे. म्हणून अशी समुद्रफुले पाळणाऱ्यांना टाकीवर प्रखर दिवे लावावे लागतात. प्रकाश अपुरा पडला की आतले शेवाळ जाते व समुद्रफूल पांढरे पडत जाऊन झिजते.

उतारवयात गॉसने आमरीची फुले वाढवली, आकाशातील तारे पाहिले आणि पाण्यातील चक्रधारी सूक्ष्म जीवांवर हडसन या विद्वानाबरोबर मोठा ग्रंथ लिहिला. तो 1886 साली प्रसिद्ध झाला. 23 ऑगस्ट 1888 रोजी सेंट मेरीचर्च येथे त्याचा अंत झाला. डॅलिएलने 1828 साली आणलेली ती लाल आजीबाई आदल्या वर्षीपर्यंत एडिंबरोच्या आपल्या बरणीत जिवंत होती. डॅलिएल 1851 सालीच निवर्तला होता. त्याच्यानंतर एकामागून एक अनेक जणांनी तिला पोसले. ऑगस्ट 1887 मध्ये ती मरण पावली, तेव्हा तिला बरणीत येऊन एकोणसाठ वर्षे झाली होती.